हिंडलग्यातली तपासणी: एका झिरो तिकिटाचं प्रकरण

जून 2024. कॉलेजं सुरू होऊन आठवडा झाला होता आणि पावसानं झड लावली होती. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, हिंडलग्याच्या गणपती मंदिराजवळ, सकाळी साडेआठला मी आणि माझा जोडीदार रेनकोट घालून उभे होतो. बाचीहून बेळगावला जाणारी बस वळणावर दिसली तेव्हाच कळलं की आज तपासणी जड जाणार. मागच्या दाराची पायरी दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. हात केला, बस थांबली.

मी तेव्हा कर्नाटकाच्या एसटी महामंडळाच्या तपासणी पथकात होतो. प्रवासी आम्हाला चेकर म्हणतात. कंडक्टर एकमेकांना फोन करून ‘स्क्वॉड हाय’ म्हणून सावध करतात. निवृत्तीला सात महिने उरले होते. त्याआधी कितीतरी वर्षं मी स्वतः कंडक्टर म्हणून बॅग आणि तिकिटाचं मशीन घेऊन याच तालुक्यात फिरलो होतो. त्या सकाळी वीस मिनिटांत जे सापडलं ते मेमोवर, म्हणजे कंडक्टरच्या चुका नोंदवायच्या कागदावर, चार ओळींत मावलं. जे मावलं नाही ते इथे लिहितो आहे. बिनतिकीट प्रवासावर बोलताना आपण सगळ्यांना एकाच तराजूत घालतो. तिकीट चुकवणारा माणूस वेगळा आणि तिकीट न मिळालेला माणूस वेगळा, हे सांगायला आमच्या कागदावर रकानाच नव्हता.

बाची हे या रस्त्यावरचं कर्नाटकातलं शेवटचं गाव. तिथून पुढे गेलं की शिनोळी, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका. बेळगावकडे तोंड केलं की तुरमुरी, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा, मग कॅम्प आणि बसस्थानक. अंतर फार नाही, पण सकाळच्या त्या फेरीला सगळा पश्चिम भाग एकदम शहराकडे निघतो. मेथी-कोथिंबिरीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दुकानात आणि दवाखान्यात कामाला जाणाऱ्या मुली, गवंडी, कॉलेजची पोरं. बसमध्ये आसनं पन्नासच्या आसपास आणि माणसं नव्वद. पावसामुळे खिडक्या बंद, काचांवर वाफ, खाली चिखल. एका स्टॉपपासून दुसऱ्यापर्यंत कंडक्टरला तीन-चार मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात त्याला मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत त्या गर्दीतून सरकायचं असतं.

कंडक्टर बैलहोंगल भागातला, मातृभाषा कन्नड, मराठी ड्युटीवर शिकलेली. आम्ही चढलो तेव्हा तो मधल्या खांबापाशी अडकला होता. मला बघून त्याचा चेहरा पडला. तो चेहरा मला ओळखीचा आहे. माझाही असाच पडायचा.

नियमाप्रमाणे आधी मशीन हातात घेतलं आणि त्यातून अहवाल काढला. मग बॅग मोजली. ड्युटीवर निघताना कंडक्टरनं स्वतःजवळचे पैसे वे-बिलावर, म्हणजे ड्युटीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचे असतात. ते वजा करून उरलेली रोकड विकलेल्या तिकिटांशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. ती जुळली. हे लक्षात ठेवावं, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. पैसे घेऊन तिकीट न देणारा कंडक्टर असेल तर बॅगेत जास्तीचे पैसे सापडतात, किंवा प्रवासी सांगतात. इथे यातलं काहीच नव्हतं.

मग प्रवासी. पहिल्यांदा दोन मुलं सापडली, दोघंही कॉलेजची, दोघंही बिनतिकिटाची. एक मधल्या गर्दीत, एक मागच्या पायरीवर.

मधल्या मुलानं मूठ उघडून दाखवली. मुठीत घडी घातलेली नोट होती, घामानं आणि पावसानं ओली झालेली. “काका, तुरमुरीपास्नं पैसे हातात धरून हुबा हाय. कंडक्टर आलेच न्हाईत हिकडं.” जूनमध्ये ही अडचण दर वर्षी येते. गेल्या वर्षीचा पास संपलेला असतो, नव्याचा अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर भरायचा, कॉलेजनं तो मंजूर करायचा, मग पास हातात. मधले दिवस मुलगा रोजचं तिकीट काढतो. त्या मुलानं पास नसल्याची सबब सांगितली नाही, मुकाट्यानं नोट पुढे केली.

पायरीवरच्या मुलाच्या कानात इअरफोन होते. त्यानं आधी ऐकू न आल्यासारखं केलं, मग पास घरी राहिल्याचं सांगितलं, मग कुठे चढला त्या स्टॉपचं नाव दोनदा बदललं. हिंडलगा ओलांडलं की पुढे तो शिताफीनं उतरून गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मी दोघांनाही सारखाच दंड केला. मोटार वाहन कायद्याचं कलम 124 सांगतं की योग्य पास किंवा तिकीट जवळ असल्याशिवाय बसमध्ये थांबायचं नाही, आणि कलम 178 प्रमाणे त्याला 500 रुपयांपर्यंत दंड आहे. बसमध्येच तिकीट मिळत असेल तर चढून लवकरात लवकर पैसे द्यायची मुभा त्याच कलम 124 मध्ये आहे, पण मुठीतली नोट मी त्यात धरली नाही. पहिल्या मुलानं पैसे भरताना माझ्याकडे बघितलं नाही. दंडाची पावती त्यानं वहीत ठेवली नाही, चुरगळून खिशात कोंबली. तो दंड मी करायला नको होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरी गोष्ट मोजणीतली. शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली तेव्हापासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकिटाचे पैसे लागत नाहीत. त्यांना झिरो तिकीट मिळतं. पैसे लागत नाहीत म्हणून ते नुसतं उपचाराचं तिकीट आहे असा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. त्या प्रवासाचं भाडं सरकार महामंडळाला भरून देतं, आणि त्याचा हिशेब या झिरो तिकिटांवरूनच होतो. म्हणजे बाई उतरून गेली आणि तिचं तिकीट बेळगावपर्यंतचं राहिलं, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात. मशीनप्रमाणे त्या वेळी बसमध्ये झिरो तिकिटावर 41 महिला असायला हव्या होत्या. मोजल्या तर 38 भरल्या. तिघी सुळग्यात उतरल्या होत्या.

ही चोरी कुणी केली? त्या तिघींनी एक पैसा वाचवला नव्हता, कंडक्टरनं एक पैसा खाल्ला नव्हता. मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. गर्दीत तो प्रत्येकीला “बेळगाव?” एवढंच विचारत होता. ती मान हलवायची, तो बटण दाबायचा. पैसे द्यायचे असते तर तिनं “न्हाई बाबा, सुळगा” म्हणून सांगितलं असतं, कारण चार रुपये कुणालाही प्यारे असतात. फुकट असताना कुठलंही गाव सारखंच. आणि समजा तिला खरंच कळलं नसेल? प्रश्न ज्या भाषेत आणि ज्या घाईत विचारला गेला तो तसाच होता.

तिसरी गोष्ट एका बाईची. हीच या प्रकरणातली अवघड गाठ.

वय पस्तिशीच्या आतबाहेर, हातात डबा, खांद्याला पर्स. झिरो तिकीट बाची ते बेळगाव, आधार कार्ड दाखवलं, त्यावर पत्ता तुरमुरीचा. कागद चोख होता. पण तुरमुरीची बाई दोन मैल उलटी जाऊन बाचीत का चढेल? मी विचारलं, “बाई, राहता कुठं?”

तिनं खोटं बोलायचा विचारसुद्धा केला नाही. “शिनोळीत ऱ्हातो की, साहेब. म्हायेर तुरमुरी. लगीन हून चौदा वर्सं झाली.” आपल्या भागातल्या बायका बोलतात तसं, पुरुषी क्रियापदात, निःसंकोच. “आधार म्हायेरचंच हाय. बदलायचं ऱ्हाऊन गेलंय.”

रोज सकाळी ती शिनोळीतून चालत बाचीत येत होती, आणि कर्नाटकाची बस धरून बेळगावात कामाला जात होती. सीमेवर राहणाऱ्याला यात काही नवल नाही. रोटी-बेटीचा व्यवहार 1956 ची राज्य पुनर्रचना बघून झालेला नाही. तुरमुरीची लेक शिनोळीत, चंदगडची लेक उचगावात, हे आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. त्याच बसमध्ये आणखी एक बाई होती, चंदगड तालुक्यातून तुरमुरीत नांदायला आलेली. तिचं आधार चंदगडचंच, म्हणून ती रोज पूर्ण तिकीट काढत होती. एकीला हक्क नसताना सवलत, दुसरीला हक्क असून भुर्दंड, आणि दोघींच्या मध्ये फक्त एक सीट.

पलीकडच्या राज्यात मांडणी वेगळी. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं, तेव्हा पत्ता विचारला गेला नाही; बाई आहे एवढं पुरे, फक्त सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. म्हणजे तुरमुरीची बाई कोल्हापूर जिल्ह्यात एसटीत बसली तर तिला अर्धं तिकीट मिळतं. शिनोळीची बाई बेळगाव जिल्ह्यात आमच्या बसमध्ये बसली तर तिला पूर्ण. तिकडची सवलत रस्ता बघते, इकडची सवलत माणसाचा पत्ता. हे चूक किंवा बरोबर असं मी म्हणत नाही. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्या राज्यानं आपल्याच रहिवाशाला ते द्यावेत, हे समजण्यासारखं आहे. पण पत्ता तपासायचं काम गर्दीतल्या कंडक्टरच्या गळ्यात पडतं, आणि त्याच्याकडे फक्त कार्डावरच्या तीन ओळी असतात.

त्या बाईवर मी काही लिहिलं नाही. कंडक्टरनं कागद पाहिला होता, कागद बरोबर होता. कोण कुठे नांदतं हे ठरवायचा अधिकार मला नव्हता. तिला एवढंच म्हटलं, “आधारचा पत्ता बदलून घ्या बाई, आणि तोपर्यंत तिकीट काढत चला.” तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

कंडक्टरला मात्र मेमो दिला. दोन बिनतिकीट प्रवासी आणि तीन झिरो तिकिटांची तफावत. तो मेमो घेताना म्हणाला, “सर, नव्वद मंदी (माणसं) हाय. मला हात दोनच.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे कायद्याकडे थोडं थांबून बघावं लागतं, कारण कंडक्टरचा जीव याच ठिकाणी अडकलेला असतो. कलम 178 प्रवाशाला आणि कंडक्टरला दोघांनाही लागू आहे. तिकीट न देणं, कमी किमतीचं देणं, तपासायला हयगय करणं, या सगळ्यांसाठी कंडक्टरलाही 500 रुपयांपर्यंतच दंड. पण प्रवाशाचा विषय पावतीवर संपतो, कंडक्टरचा तिथे सुरू होतो. मेमोनंतर आरोपपत्र, खात्याची चौकशी, वेतनवाढ थांबणं, कधी नोकरीच जाणं. हरियाणातल्या एका कंडक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं की खात्याच्या चौकशीत प्रवाशांचे जबाब घेतलेच पाहिजेत असं नाही, पथकाचा पुरावा पुरेसा ठरू शकतो. 2001 मध्ये कर्नाटकातल्याच एका कंडक्टरच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की भाडं गोळा करणारा माणूस विश्वासाच्या जागेवर असतो, आणि त्या विश्वासाला तडा गेला तर त्याला काढून टाकणं गैर नाही. दोन्ही निकाल मला मान्य आहेत. पैसे खाणाऱ्या कंडक्टरला मी स्वतः घरी पाठवलंय आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण पहिल्या निकालाचा आमच्या रोजच्या कामावर एक परिणाम झाला: प्रवाशाला काय म्हणायचं आहे ते लिहून घ्यायची सवयच मोडली. त्या दिवशी मुठीत नोट धरून उभा असलेला मुलगा कंडक्टरच्या बाजूचा सगळ्यात चांगला साक्षीदार होता. त्याचं म्हणणं कुठल्याच कागदावर येणार नव्हतं.

म्हणून मी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मेमोच्या पाठीमागे लिहिलं. बसमध्ये किती माणसं उभी होती, बॅग बरोबर जुळली, एका बिनतिकीट मुलाच्या हातात पैसे होते आणि कंडक्टर त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. जोडीदार म्हणाला, हे लिहायची गरज नाही. मी लिहिलं.

डेपोत त्यावर बोलणं झालं. कंडक्टरला ताकीद देऊन सोडलं, वेतनवाढ गेली नाही. पण एका तरुण अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की हा सगळा जुन्या पद्धतीचा गोंधळ आहे, स्मार्ट कार्ड आलं की आपोआप मिटेल. शक्ती सुरू होताना सेवा सिंधूवरून महिलांना स्मार्ट कार्ड देण्याचं जाहीर झालं होतंच. मीही कार्डाच्या विरुद्ध नाही. सुट्ट्या पैशांची कटकट जाते, तिकीट काढायला लागणारा वेळ वाचतो, हिशेब तत्काळ होतो. पण त्या सकाळच्या बसवर कार्ड ठेवून बघितलं, की ते कुठे उपयोगी पडतं आणि कुठे नाही हे स्पष्ट दिसतं.

कार्ड सगळ्यात चांगलं चालतं ते फाटक असलेल्या ठिकाणी. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे हुबळी-धारवाडची चिगरी ही बससेवा. सुमारे 22 किलोमीटरचा स्वतंत्र रस्ता, उंच फलाटाची स्टेशनं, आत जायला फाटक. 2 फेब्रुवारी 2020 ला तिचं रीतसर उद्घाटन झालं. तिथे तिकीट किंवा कार्ड स्टेशनवरच तपासलं जातं, बसमध्ये चढेपर्यंत भाड्याचा विषय संपलेला असतो. पण बाचीच्या स्टॉपला फाटक कुठलं? तिथे एक वडाचं झाड आहे आणि पावसात त्याखाली थांबलेली माणसं.

फाटक नसताना कार्ड चालवायचं तर लंडनच्या बसकडे बघावं. तिथे ऑयस्टर कार्ड 2003 मध्ये आलं आणि 6 जुलै 2014 पासून बसमध्ये रोख घेणंच बंद झालं. ते जमलं त्यामागे दोन गोष्टी आहेत. एक, बहुतेक बसमध्ये पुढच्या दारानंच चढायचं, ड्रायव्हरसमोर कार्ड टेकवायचं. दुसरी, बसचं भाडं एकच, कितीही लांब जा, म्हणून उतरताना पुन्हा कार्ड टेकवावं लागत नाही. त्यांनी नव्या रूटमास्टर बसमध्ये तिन्ही दारांनी चढू दिलं, तर तिथे भाडं बुडवण्याचं प्रमाण इतर बसच्या दुप्पट निघालं, आणि 2020 मध्ये त्याही बसला पुढचंच दार लावावं लागलं. कार्ड तेच, माणसं तीच. दार बदललं म्हणून फरक पडला.

आपलं भाडं स्टेजप्रमाणे, म्हणजे अंतराच्या टप्प्यांप्रमाणे. सुळग्यात उतरणाऱ्या तिघींचा प्रश्न कार्डानं सोडवायचा तर त्यांनी उतरतानाही कार्ड टेकवलं पाहिजे. हातात पाटी, डोक्यावर पदर, मागून ढकलणारी माणसं, आणि ड्रायव्हर “लवकर, लवकर” करतोय. मी त्या दारात उभा राहिलोय. तिथे कुणी कार्ड टेकवणार नाही.

देशभरातल्या बस-मेट्रोत एकच चालावं असं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड 4 मार्च 2019 ला आलं. फेब्रुवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रवासासाठीची 3000 रुपयांपर्यंतची कार्डं केवायसीशिवाय द्यायला परवानगी दिली. त्या मुठीतल्या नोटेवाल्या मुलासाठी हे खरंच चांगलं आहे, कारण गल्लीतल्या दुकानातूनही त्याला असं कार्ड मिळू शकेल. पण नावाशिवायचं, पत्त्याशिवायचं कार्ड शक्तीला चालणार नाही. शक्तीच्या कार्डावर पत्ता पाहिजेच, आणि त्या शिनोळीच्या बाईचा सगळा प्रश्न पत्त्याचाच होता. चुकीचा पत्ता प्लॅस्टिकवर छापला म्हणून बरोबर होत नाही. उलट पाच-दहा वर्षं कुणी पुन्हा विचारणार नाही.

हे मी त्या बैठकीत बोललो. मग डेपो मॅनेजरनी विचारलं, “तुम्ही काय कराल?”

मी कंडक्टर असताना आम्ही बेळगाव स्टँडवर ग्राउंड बुकिंग करायचो. बस सुटायच्या आधी खाली उभं राहून तिकिटं द्यायची, मग माणसं आत. गर्दीच्या फेऱ्यांना त्यापेक्षा चांगलं काही नाही. मी म्हटलं, सकाळच्या या एका फेरीला तुरमुरीत आणि उचगाव फाट्यावर एक जादा कंडक्टर मशीन घेऊन उभा करा. बस येण्याआधीच रांगेत तिकिटं होऊन जातील. चढणं पुढच्या दारानं, उतरणं मागच्या दारानं, आणि हे ड्रायव्हरनं पाळायचं, नुसती पाटी लावून चालणार नाही. मागचं दार बाचीपासून हिंडलग्यापर्यंत बाहेरून चढायला उघडायचंच नाही.

आणखी एक गोष्ट मी सुचवली, ती ऐकून सगळे हसले. मी म्हटलं, कंडक्टरांनी “बेळगाव?” विचारणं बंद करावं. त्याऐवजी “उतरणार कुठं?” विचारावं. पहिल्या प्रश्नाला मान हलते. दुसऱ्याला गावाचं नाव सांगावंच लागतं. कन्नड कंडक्टरांना हे दोन शब्द पाठ करायला अवघड नाहीत, आणि मराठी बायकांना ते ऐकायला बरे वाटतात. भाषेचा मुद्दा इथे मी हलका मानत नाही. मी निवृत्त झालो त्यानंतर महिन्याच्या आत, फेब्रुवारी 2025 मध्ये, आपल्याच तालुक्यात बसमधल्या तिकिटावरच्या बोलाचालीतून एका कंडक्टरला मारहाण झाली. वाद कसा पेटला याच्या दोन बाजू सांगितल्या गेल्या, पण दोन्ही राज्यांदरम्यानच्या बस काही दिवस बंद पडल्या आणि हाल झाले ते याच रस्त्यावरच्या माणसांचे. तिकीट मागणं हा दिवसातून हजारदा घडणारा संवाद आहे. तो कुठल्या शब्दांत होतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पंधरा दिवस जादा कंडक्टर मिळाला. त्या पंधरा दिवसांत मी तीनदा ती बस तपासली. दोनदा एकही बिनतिकीट प्रवासी नव्हता. तिसऱ्यांदा एकच सापडला: पायरीवरचा तो इअरफोनवाला मुलगा, आता मधल्या गर्दीत. बाकी सगळ्यांच्या हातात तिकीट असल्यामुळे तो वेगळा दिसून आला. पहिल्या दिवशी त्याला ओळखायला मला अंदाज बांधावा लागला होता, या वेळी लागला नाही. दंड केला आणि मनात कसलीही रुखरुख राहिली नाही. झिरो तिकिटांची तफावतही उरली नव्हती. बायका सुळगा, हिंडलगा नीट सांगत होत्या.

पंधरा दिवसांनी जादा माणूस काढून घेतला, कारण दुसऱ्या मार्गावर माणूस कमी होता. दाराचा नियम काही महिने टिकला. गर्दी कमी करणारा खरा उपाय म्हणजे दहा मिनिटांच्या अंतरानं दुसरी बस. ती मी सांगितली होती, ती आली नाही. मुलांचे पास लवकर यावेत म्हणून कॉलेजांना मे महिन्यातच कळवावं असंही ठरलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते बघायला मी राहिलो नाही.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, जानेवारी 2025 मध्ये, मी पुन्हा त्या बसवर गेलो. महिन्याच्या 5 तारखेपासून भाडं 15 टक्क्यांनी वाढलं होतं आणि सगळ्या बसमध्ये त्याचीच कुरकुर चालली होती. या वेळी मी बाचीतूनच बसलो. कंडक्टर तोच, बैलहोंगलचा. ती बाईही चढली, तोच डबा, तीच पर्स.

“उतरणार कुठं, अक्का?” त्यानं विचारलं.

“स्टँड. पैशाचं द्या.” तिनं नोट पुढे केली.

त्यानं मशीनवरून मान वर केली. “झिरो नको?”

“आधार बदललं की आता. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायचा हुता, मग शिनोळीचाच पत्ता घालून घेतला.” महाराष्ट्रातली ती दरमहा 1500 रुपयांची योजना 2024 च्या पावसाळ्यात सुरू झाली होती. चौदा वर्षं राहिलेलं काम तिनं त्यासाठी केलं होतं. “आता हिकडचं फुकट न्हाई माज्या वाट्याचं.”

त्यानं तिकीट फाडून दिलं, सुटे पैसे मोजून दिले आणि पुढे सरकला. तुरमुरी आलं तेव्हा मी उठून तपासायला सुरुवात केली. मी मागायच्या आधीच तिनं तिकीट पुढे केलं. स्टेज बरोबर, रक्कम बरोबर, वाढलेल्या दरानं. त्यावर पेननं खूण केली आणि पुढच्या सीटकडे वळलो.